लाल गाडीला थंडी वाजते

दुपट्याच्या तीन बाजू शिवून झाल्या होत्या. चौथी दुमडून कोकिळाबाईंनी सुई खोवली आणि पोर्चमधून हाक आली.

"अवं, आयकून राह्यली काय? जुनी गादी हाय काय आपल्याकडं? नाई तं जाड गोधडी?"

"कोणाले पाहिजे?"

"गाडीले. थंडी पडून राह्यली ना बाहेर."

कोकिळाबाईंनी सुई दातात धरली. लग्न झाल्यापासूनची त्यांची ही सवय. सुई दातात असली की तोंडून वावगं निघत नाही. त्यातून मार्गशीर्ष महिना. गुरुवारचे उपास धरलेल्या बाईनं नवऱ्याला मूर्ख म्हटलेलं देवीला खपलं नसतं. म्हणून त्यांनी ते मनातच म्हटलं, तसबिरीकडे बघून हात जोडले आणि मग सुई काढून उत्तर दिलं.

"गोधड्या माणसाइसाठी असतात. हे दुपटं दिपालीच्या लेकराचं हाय. तुमच्या त्या लाल लेकराले तुमीच शिवा."

ते लाल लेकरू म्हणजे विठ्ठलरावांची स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन माणसं, आणि जमिनीला पोट घासत चालणारी.

विठ्ठलराव हे कळंबच्या अलीकडे, फाट्यावरून आत वळलं की लागणाऱ्या गावातले बऱ्यापैकी शेतकरी. कापूस, सोयाबीन, मधल्या ओळीत तूर. माणूस निर्व्यसनी. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, भांडण नाही. पण तरुणपणी शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, नाद होता. बैलांना तूप पाजायचं, शिंगं रंगवायची, पटावर न्यायचं आणि कोणाच्या तरी मागून परत यायचं. त्यांची जोडी एकदाही पहिली आली नाही. पुढे बैल गेले, मोटारसायकल आली, मग जीप आली, केस पांढरे झाले, पण पहिलं यायचं राहिलं ते राहिलंच. नागपूरच्या एका ओळखीच्या ठेकेदारानं आपली जुनी लाल गाडी काढली, तेव्हा विठ्ठलरावांना वाटलं, देवानं उशिरा का होईना पण बैल पाठवले.

घरातली जीप त्यांनी त्याच आठवड्यात तांड्यावरच्या लखीरामला विकली. म्हणे पोर्चमध्ये जागा पाहिजे. जीप बिचारी धडधाकट होती. सोयाबीनचे कट्टे, आजारी माणसं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिनं वाहिलं होतं. जाताना विठ्ठलरावांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आता पोर्चचं म्हणाल तर दरवर्षी वेचणीचा कापूस तिथे भरलेला असायचा. यंदा गाडीला दव लागू नये म्हणून कापूस माजघरात. देवघराला टेकून एवढा ढीग, की कोकिळाबाईंना दिवा लावताना जीव मुठीत धरावा लागे. घरात माणसांनी कुठून चालायचं ते कापूस ठरवायचा आणि कापसानं कुठे राहायचं ते गाडी.

थंडीचं खूळ मोबाइलमधून आलं. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला एक माणूस फावड्यानं आपली गाडी उकरून काढतो आणि मग ती थंडीसाठी कशी तयार करायची ते दाखवतो. त्याची भाषा विठ्ठलरावांना ओ की ठो कळत नव्हती, पण चित्रं कळत होती. त्या चित्रांबरहुकूम त्यांनी न गोठणारं पाणी आणलं, धुक्याचे पिवळे दिवे बसवले, बर्फावर न घसरणारे टायर मागवले. यवतमाळच्या गॅरेजवाल्यानं टायर चढवता चढवता विचारलं होतं, "काकाजी, बर्फ पडते काय जी तुमच्या गावात?"

"पडला तं?" विठ्ठलराव म्हणाले होते.

आमच्याकडच्या थंडीची मजल ती केवढी! रात्री लावलेलं विरजण सकाळी लागत नाही आणि खोबरेल तेल बाटलीत थिजतं. तेवढ्यासाठी कोणी गाडीला बर्फाचे टायर लावत नाही.

कोकिळाबाईंचं म्हणणं साधं होतं. ही गाडी ठेवायची तर ठेवा, आरती ओवाळा तिची. पण दुसरी एक घ्या. उंच सीटची, चार दारांची, माणसाला माणसासारखं बसता येईल अशी. कारण दिपालीला सातवा महिना लागला होता आणि तो सरतही आला होता.

दिपाली त्यांची एकुलती एक लेक. केळापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. पण आठव्या महिन्यात लेकीला जागचं हलवायचं नाही, हीही जुनीच रीत. हंसाबाई, म्हणजे दिपालीच्या सासूबाई, रीतीला फार पक्क्या. फोनवर गोड बोलत, पण धार लावून.

"विहीणबाई, शुक्रवारपर्यंत न्या. मंग आठवा लागते. नाई जमलं तरी काई हरकत नाई हो, आमी इथंच करू बाळंतपण. आमच्याकडं काई कमी हाय काय?"

कमी काही नव्हतं. पण दिपाली आईला चोरून फोन करून रडत होती. "आई, मले तुझ्याजवळच पाहिजे व. इथं मले कण्हाले सुद्धा लाज वाटते." तेव्हापासून कोकिळाबाईंच्या डोक्यात शुक्रवारशिवाय दुसरा वार नव्हता.

"आपल्या गाडीतच आणतो ना मी तिले," विठ्ठलराव म्हणत. "दोन सीटा हायेत. एक माही, एक तिची. दुसरी गाडी कायले पाहिजे? एका घरात दोन गाड्या ठेवाले आपण काय राजे हाओत?"

"अन् मी?"

"तू घरी राह्य. वाटीत भाकरतुकडा घेऊन उभी राह्य."

"ते पोट घेऊन ते लेकरू त्या खड्ड्यात उतरन कसं?"

"खड्डा नोय तो, सीट हाय. तू बसली नोयती काय?"

बसल्या होत्या, म्हणून तर बोलत होत्या! संकष्टीला विठ्ठलरावांनी मोठ्या कौतुकानं त्यांना चिंतामणीला नेलं होतं. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात बसलेला, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. पण देवाकडे उतरताना वाकावं लागत नाही तेवढं त्या गाडीत शिरताना वाकावं लागलं. आधी डोकं, मग कंबर, मग एक पाय, दुसरा पाय बाहेरच. शिरल्या तर शिरल्या, देवळापाशी निघता येईना. शेवटी दोन्ही हात रस्त्यावर टेकून, रांगत बाहेर आल्या. फुलवाली बाई हार बाजूला ठेवून बघत राहिली. म्हणाली, "काकू, नवस बोलल्या व्हत्या काय लोटांगणाचा?" कोकिळाबाईंनी देवाला एकच मागितलं. लेक घरी येऊ दे, आणि ह्यात बसून नको येऊ दे.

तर गोधडी मिळाली नाही. विठ्ठलराव हिरमुसले, पण हरले नाहीत. दोन जुन्या चादरी त्यांनी स्वतःच टाके घालून जोडल्या, माजघरातल्या ढिगातून हवा तेवढा कापूस उचलला, ठासून भरला आणि गादी तयार केली. बॉनेट उघडून ती इंजिनावर पांघरली, आणि रोज उघडझाप करून थंडी आत घ्यायला नको म्हणून तशीच ठेवली. शुक्रवारी इंजिन तापलं की मगच ती काढायची. मोबाइलमधला माणूस असंच काहीतरी पांघरत असे. त्याच्याजवळ काय होतं देव जाणे. ह्यांच्याजवळ होता झाडावरचा कच्चा कापूस, सरकीसकट.

गुरुवारी उद्यापन होतं. सवाशिणी यायच्या म्हणून कोकिळाबाई पोर्च झाडत होत्या. गाडीखालून केरसुणी ओढली तर कचऱ्यात काळी टरफलं आली. त्यांनी बोटांत धरून पाहिली. सरकीची. आतला गर खाऊन साफ केलेली.

"अवो, गादीत कापूस कोणता भरला तुमी?"

"आपला. वेचणीचा. एक नंबर."

"रुई नाई भरली? सरकी काढली नाई तेच्यातली?"

"थंडीले काय समजते सरकी हाय का नाई?"

"थंडीले नाई समजत. उंदराइले समजते!"

"अवं, एवढ्या थंडीत उंदीर कुठी फिरतात? बिळात राहतात ते," असं म्हणून विठ्ठलराव काच पुसायला लागले.

जन्म ह्या माणसाचा कापसात गेला. सरकीच्या पोत्यांना उंदीर लागू नये म्हणून ह्यांच्या आईनं आयुष्यभर मांजरी पाळल्या. आणि ह्यांनी गादीच्या उबेत सरकीचं ताट वाढून ठेवलं! कोकिळाबाई आणखी बोलल्या असत्या, पण पहिली सवाशीण फाटकात आली आणि त्यांना हळदीकुंकवाचं तबक घ्यायला धावावं लागलं.

शुक्रवारी धुकं असं पडलं की समोरचा गोठा दिसेना. विठ्ठलराव मात्र नवरदेवासारखे तयार. कानटोपी, काळा चष्मा, नवा मफलर. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, पिवळे दिवे लावून धुक्याकडे एकदा रुबाबात पाहिलं, आणि बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. आतले सगळे दिवे एकदम लुकलुकले आणि विझले.

"थंडीनं धरली," विठ्ठलराव म्हणाले.

"उघडा," कोकिळाबाई म्हणाल्या.

बॉनेट उघडलं. गादीला वाटीएवढं भोक पडलेलं. भोकात पिंजून पिंजून मऊ केलेला कापूस, बाजूला वायरींच्या चिंध्या आणि मधोमध, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. उंदरी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पळाली नाही.

कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांना हसू फुटलं ते आवरेना.

"झालं! तुमच्या गाडीत बाळंतपण झालं! माह्या लेकीच्या आधी हिनं नंबर लावला! गरम जागा, मऊ गादी, खाले सरकी. एवढी सोय तं सरकारी दवाखान्यात नाई!"

"काठी आण," विठ्ठलराव गुरगुरले.

"काठी?" कोकिळाबाईंचं हसू थांबलं. "बाळंतिणीवर काठी उचलता? चिंतामणीचं वाहन हाय ते. तुमचं आज चालत नाई, तेचं चालते. हात लावाल तं पाहा."

"मंग आता काय करू? मिस्त्री आणतो यवतमाळवरून. सांजेपर्यंत होईन. नाई तं उद्या..."

"उद्या आठवा लागते!"

हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की उंदरीसुद्धा दचकली असेल. मग फोन उचलला. विठ्ठलराव कान देऊन ऐकत होते.

"लखीरामभाऊ, जीप रिकामी हाय काय? माह्या दिपालीले आणाचं हाय केळापूरवरून. आजच."

पलीकडून लखीरामचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "वेचणीच्या बायका वावरात सोडल्या का येतो, वहिनी. बिजलीले संग आणतो. पोटुशी पोरगी हाय, सांभाळाले बाई पाहिजे. अन् साहेबाची लाल गाडी काय झाली?"

"ते बाळंत झाली," कोकिळाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जीप आली. तीच जीप. मागच्या सीटवर लखीरामच्या बायकोनं, बिजलीबाईनं, गादी अंथरून ठेवली होती. नीट पिंजलेल्या रुईची. विठ्ठलरावांनी जीपकडे पाहिलं आणि मफलर आवळला.

"मी नाई बसत त्या खटाऱ्यात."

"तुमाले बसा म्हणून कोणी म्हटलं?" कोकिळाबाई पदर खोचून सरळ उभ्यानं आत चढल्या. "तुमी घरी राहा. वाटीत भाकरतुकडा घेऊन उभे राहा."

केळापूरला हंसाबाई दारातच होत्या. जीप बघून म्हणाल्या, "अवो, तुमचे जावई तं सांगत व्हते, लाल गाडी येऊन राह्यली म्हणून."

"ते गाडी एकटीपुरती हाय, विहीणबाई," कोकिळाबाई म्हणाल्या. "माही लेक आता दोघं हाय."

हंसाबाईंनी ओटी भरली. केळापूरच्या जगदंबेच्या देवळाच्या दिशेनं हात जोडून दिपाली बिजलीबाईच्या खांद्यावर हात ठेवून जीपमध्ये चढली, पाय लांब केले आणि गावची शीव ओलांडायच्या आत आईच्या मांडीवर झोपली. लखीरामनं गाडी अशी चालवली, की कापसाच्या बैलगाड्यासुद्धा पुढे निघून गेल्या. शंकरपटात नेली असती तर शेवटून पहिली आली असती. पण कोकिळाबाईंना वाटलं, पहिलं येणं म्हणतात ते हेच असावं.

घरी पोचल्या तर विठ्ठलराव खरंच दारात उभे. कानटोपी काढलेली, हातात तांब्या, वाटीत भाकरीचा तुकडा. कसा ओवाळायचा ते माहीत नाही, म्हणून उलट्या बाजूनं फिरवला आणि पाणी आपल्याच पायावर सांडलं. कोकिळाबाईंनी वाटी घेऊन पुन्हा नीट ओवाळलं.

"बाबा, गाडी दाखवा ना," दिपाली म्हणाली.

"नको. तिथं लेकरं झोपली हायेत," विठ्ठलराव पुटपुटले. आणि मग बायकोकडे न बघता, "चार दाराची एक पाहून ठेवली मी. उंच हाय. पण तेचा रंग लाल नाई भेटून राह्यला."

कोकिळाबाईंनी दुपटं हातात घेतलं आणि सुई पुन्हा दातात धरली. चौथी बाजू त्यांनी दिवा लावायच्या आत पुरी केली.

आता बाळाची गादी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरातला कापूस पोत्यात भरून त्यांना कळंबला जायचं होतं. सरकी काढून, पिंजून आणायला.