रणांगणावरची प्रदक्षिणा

“थांब! पुढे पाऊल टाकू नकोस!” कुंपणापलीकडून म्हातारा शेतकरी असा ओरडला की आयर्लंडवरचे सगळे ढग दोन हात मागे सरकले.

मी त्याच्या कुरणातल्या एका उभ्या दगडाला प्रदक्षिणा घालत होतो. इथे म्हणे देव आणि राक्षस लढले. राक्षसांच्या राजाचा एक डोळा एवढा अजस्र, की पापणी उचलायला चार गडी लागत, आणि ती उचलली की समोरचं सैन्य आडवं! शेवटी त्याच्याच नातवाने गोफणीच्या एका दगडात तो डोळा फोडला. असं ऐकल्यावर आपला माणूस काय करणार? मी बूट काढले, हात जोडले आणि चालू लागलो. पण दगडामागची हिरवळ ही हिरवळ नव्हतीच, नुसती दलदल होती. एक पाय पोटरीपर्यंत आत गेला, तेवढ्यात ती हाक आली.

म्हाताऱ्याने काठी पुढे करून मला ओढून काढलं आणि पाय पुसायला मूठभर वाळलं गवत दिलं. पुसता पुसता वाटलं, देव गेले, राक्षस गेले; पण कुठली जमीन पाय पेलते आणि कुठली गिळते, हे जाणणारा एक माणूस मागे राहिला. केवढे उपकार!

मी गहिवरून म्हणालो, “बाबा, तुम्ही नसता, तर त्या लढाईनंतरचा इथला पहिला बळी मीच!”

“दुसरा,” तो काठी पुसत म्हणाला. “पहिली माझी गाय. मंगळवारी.”