हिरवा जेवायच्या हाताला

लेक विजेचं काम करते, ओल्या फळीवर उभी राहून तारा जोडते, ही काळजी आईने केव्हाच पचवली होती. न पचलेली काळजी वेगळीच होती. या मुलीच्या तोंडून "मला कळलं नाही" हे शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते. शाळेत नाही, घरात नाही, आणि आता बोटींच्या कारखान्यात तर नाहीच. समोरचा सांगायला लागला की ती मान डोलवायची, "हां हां, समजलं" म्हणायची आणि कामाला लागायची. बहुतेक वेळा तिला खरंच समजलेलं असायचं. आईला घोर होता तो उरलेल्या वेळांचा.

घरात तिला सगळे फ्यूज म्हणत. लहानपणी तिने आईच्या केसांतली पिन भिंतीच्या प्लगमध्ये खुपसली होती. अख्ख्या मजल्यावर अंधार झाला, आई किंचाळली, आणि ही प्लगपाशी बसून टाळ्या पिटत होती. मोठी झाल्यावर तिने घरांची वायरिंग केली, एका छापखान्याची केली. बोट मात्र ही पहिलीच. खाडीपलीकडच्या कामगारांना ने-आण करणारी जुनी बोट दुरुस्तीला आली होती आणि तिच्यावर नवे दिवे बसवायचे होते. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा, मागे पांढरा.

दिवे निवडताना तिने घर डोक्यावर घेतलं. दुकानदाराने दाखवलेली चकचकीत जोडी तिने परत केली. "शोभेला ठीक आहे. याचा उजेड नको त्या बाजूलाही सांडतो." मग दुसरी जोडी आणली, एकाच घडणीची, फक्त काचेचा रंग वेगळा. पाणी शिरतं का बघायला लाल दिवा न्हाणीघरातल्या बादलीत बुडवून ठेवला. बाबा आंघोळीला गेले आणि तसेच ओरडत बाहेर आले, "अगं, बादलीत काहीतरी डोळा वटारून बसलंय!"

प्रत्येक दिव्यामागे तिने काळ्या रंगाची आडोशाची फळी लावली, म्हणजे डावीकडचा दिवा डावीकडूनच दिसावा. त्याची परीक्षा घरातल्या बोळकांडीत झाली. आई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकत होती आणि सांगत होती, "दिसतोय... दिसतोय... गेला!" फ्यूज पेन्सिलीने खूण करत होती. एवढी बारकाईने काम करणारी मुलगी. आईला त्या दिवशी फार भरून आलं होतं.

आज दुपारी ती जेवायला घरी आली. संध्याकाळी बोटीची पहिली फेरी होती आणि तीही बोटीवर असणार होती.

"एवढं काय बघतेस? मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

"तू पडू नकोस म्हणजे झालं."

"पडले तर पाण्यात पडेन, आई. मला पोहता येतं."

"काय ग फ्यूज," बाबांनी विचारलं, "या लाल-हिरव्याचा उपयोग काय? सिग्नल आहे का तो?"

"सिग्नल नाही हो. अंधारात बोट दिसत नाही, दिवाच दिसतो. समोरच्याला नुसता लाल दिसला तर त्याने समजायचं, बोट त्याच्या डावीकडे चाललीय. नुसता हिरवा दिसला तर उजवीकडे. दोन्ही दिसले तर थेट अंगावर येतेय."

"आणि कुठला कुठे लावायचा, हे कोणी सांगितलं?"

"कारखान्यातल्या मिस्त्रींनी. भावाच्या आजारपणासाठी गावाला निघाले होते, घाईत होते. म्हणाले, पोरी, एकच ध्यानात ठेव, हिरवा जेवायच्या हाताला. काम खलास! आज येतील ते, थेट बोटीवरच."

हात धुऊन ती गेलीसुद्धा. आई ताटं उचलायला वाकली. बाबांचा पाण्याचा पेला ताटाच्या उजवीकडे होता. तिचा स्वतःचाही. फ्यूजचा पेला डावीकडे होता, चमचाही डावीकडेच पडला होता.

फ्यूज डावखुरी होती. जेवायची डाव्या हाताने, लिहायची डाव्या हाताने, पक्कड धरायची डाव्या हाताने. घरात कुणी तिला कधी हात बदलायला लावला नव्हता.

आईच्या हातातलं ताट निसटलं. त्याचा आवाज थांबला तरी ती तशीच वाकलेली.

"काय झालं?" बाबा धावत आले. "चक्कर आली का?"

"तिचा जेवायचा हात कुठला?"

"कुणाचा?"

"आपल्या मुलीचा हो! कुठल्या हाताने जेवते ती?"

बाबा चाचरत म्हणाले, "मिस्त्रीही डावखुरे असतील..."

आईने फोनवर शोधलं. जिथे बघावं तिथे तेच. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, जगभर. मग तिला कालचा फोटो आठवला. रंगाऱ्याने दिव्यांवरचे कागद काढल्याबरोबर फ्यूजने दिवे लावून फोटो पाठवला होता. तो उघडून दोघांनी डोकी जोडली.

"हे बघ! लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे," बाबा जवळजवळ ओरडले. "उगाच जीव काढलास माझा."

आईनेही श्वास सोडला. पलंगाच्या कडेवर बसली, हसलीसुद्धा. आणि हसता हसता तिला फोटोतलं बोटीचं टोक दिसलं. निमुळतं, नवा रंग दिलेलं, सरळ तिच्याकडे रोखलेलं.

"बोटीचं तोंड आपल्याकडे आहे हो."

"मग?"

"माझ्यासमोर उभे राहा. डावा हात वर करा."

बाबांनी हात वर केला. तो आईच्या उजवीकडे आला. दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. तो खाली घ्यायचं भान बाबांना राहिलं नाही.

त्या खाडीतून मालाची मोठी जहाजं जातात. जहाजावरच्या माणसाला हिरवा दिसणार, तो म्हणणार, बोट उजवीकडे चाललीय, आणि आपलं जहाज डावीकडे वळवणार. बोटही तिकडेच येत असणार. तिच्यात कामावरून परतणारी माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि त्यांत आपली फ्यूज. दिवेच नसते तर समोरचा निदान बिचकला तरी असता. हे दिवे तर त्याला ठामपणे खोटं सांगणार होते.

तिने फ्यूजला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने तो कापला. पुन्हा लावला. संदेश आला, "आई, जेवले तुझ्यासमोरच. पाण्यात पडले नाही. आता फोन नको." आईने लिहिलं, "दिवे उलटे लागलेत." तो संदेश तिथे पोचलाच नाही. फोन बंद झाला होता. कारखान्यात मागे एकदा आईचा फोन आला तेव्हा सगळ्यांनी आठवडाभर तिला "बाळ, दूध प्यायलीस का?" म्हणून पिडलं होतं.

"मिस्त्रींना कर," बाबा म्हणाले. आपत्कालीन म्हणून तो नंबर फ्यूजनेच एकदा दिला होता.

"तिला पुन्हा काम देतील ते? पहिलीच बोट. आणि चूक कोणी काढली, तर आईने. ती माझं तोंड बघणार नाही."

खिडकीबाहेर उन्हाचा पिवळा तुकडा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढला होता. थोड्या वेळात तो तिथूनही उतरणार होता.

न बघू दे तोंड, आईने मनाशी म्हटलं. रुसायला ती घरी आली पाहिजे. तिने मिस्त्रींचा नंबर काढला आणि बटण दाबलं.