बिननालाची घोडी

शाळा माझी दुसरीतच सुटली, पण घोडीच्या टापेबद्दल मला कोणी शिकवू नये. आमच्या तांड्यावर वरातीची घोडी एकच, मोठ्या भावाची आणि माझी सामाईक. मागच्या लगीनसराईत ती लंगडायला लागली. नालबंद म्हणाला, खिळे ठोकून टापेच्या कडा फुटल्या, आता जाड नाल ठोकू. खिळ्यानंच फुटलं आणि औषध पुन्हा खिळाच? मी चारही नाल काढायला लावले.

दादा भडकला. "वरात डांबरावरून जाते, वावरातून नाई. घोडी बसली तं नवरदेव तुह्या खांद्यावर बसन काय?"

"बसवतो. पन खिळा ठोकू देत नाई."

"तुळशीच्या लग्नापर्यंत पाह्यतो. तवाबी लंगडली तं बाजारात नेऊन विकतो. मंग रडू नको."

पावसाळाभर तिच्या पायाखाली चिखल होऊ दिला नाही. गोठ्यात मुरूम टाकला, शेण लगेच उचललं. टाप मांडीवर घ्यायची, वाढलेली कड कानशीनं घासायची आणि तिला गोलाई द्यायची, म्हणजे दगडावर कपची उडत नाही. तळव्याच्या मधली मऊ गादी मात्र कापायची नाही. जमिनीचा अंदाज घोडी तिच्यावरच घेते.

आधी वावराच्या कडेच्या मऊ धुऱ्यानं फिरवली, मग मुरमाच्या रस्त्यानं, शेवटी नाल्यातल्या गोट्यांवरून. सुरुवातीला निखाऱ्यावरून चालल्यासारखी चालायची. बायको हसली, "आता तुमीबी चपला काढा, जोडी जमते." काढल्या. गोटे कुठं टोचतात ते कळलं, तशी वाट बदलली.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिली वरात निघाली बोरी अरब गावाला. बँडवाला कुरकुरला, टापा वाजत नाहीत म्हणून. म्हटलं, तू तुहा ढोल वाजव. नवरदेव चांगला भरदार होता. सिमेंटचा उतार आला तसा दादा लगाम माझ्याकडे देऊन मागं सरकला. साऱ्या वरातीचं लक्ष नवरदेवाकडे, दादाचं टापांकडे. घोडी उतार उतरली, मांडवासमोर मान उडवत नाचली. पाय कुठं अडखळला नाही.

घरी आल्यावर दादानं स्वतः तिची टाप उचलली आणि अंगठ्यानं कड चाचपली.

"बाहेरून थोडी वाढली हे. सकाळी घास, नाईतं मी घासतो."

"तू हात नको लावू," मी म्हटलं. "तू गादी कापशीन."