सीलबंद नमुना

इब्राहीमभाई मूळचे रत्नागिरीकडचे. सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये एका कफीलाच्या, म्हणजे त्यांना व्हिसावर आणणाऱ्या अरब मालकाच्या, दुकानातर्फे ते आमच्या सरकारी इस्पितळाला सामान पुरवायचे. माणूस इतका मऊ, की त्यांचाच राग यायचा.

१९९१च्या जानेवारीत युद्ध पेटलं आणि बाळंतिणींच्या वॉर्डातलं सक्शन मशीन नेमकं तेव्हाच बंद पडलं. बाळाच्या घशातलं पाणी ओढायला दुसरं मशीन नव्हतं. म्हणजे होतं! नव्या मशीनचं टेंडर निघालं होतं आणि इब्राहीमभाईंनी नियमाप्रमाणे नमुना सील करून स्टोअरमध्ये ठेवला होता. पण सील समितीपुढेच फोडायचं. आणि समिती? भोंगे वाजताच जेद्दाला पळालेली.

स्टोअरकीपर गोपीनाथभाऊ कपाटासमोर ठाण मांडून बसले. "सिस्टर, आधी सील फुटलं तर इब्राहीमभाईंचं टेंडर बाद."

"आणि बाळ गेलं तर?"

"त्याचा नियम माझ्याकडे नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी एक मूल काळंनिळं जन्मलं. मी इब्राहीमभाईंना फोन केला. ते गळ्यात गॅस मास्क अडकवून धावत आले. गोपीनाथभाऊंनी त्यांनाही नियम ऐकवला.

"माल माजा, सील माजा. मीच फोडतंय," ते म्हणाले, आणि फोडलं. थोड्या वेळात मूल रडलं. मीही रडले.

युद्ध संपलं, समिती परतली. सील तुटलेलं, सबब टेंडर बाद. नवं टेंडर निघेल तेव्हा निघेल, नापास नमुना पुरवठादाराने ताबडतोब घेऊन जावा! बाळाबद्दल एक शब्द नाही.

इब्राहीमभाई गाडी घेऊन आले. मशीन एका बाळाला लावलेलं होतं. दारातूनच बघून म्हणाले, "उद्या येतंय, सिस्टर." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कफील संतापला आणि त्याने त्यांना दूर, पार दुसऱ्या टोकाच्या यान्बूच्या गोदामात धाडलं.

निघताना ते आले, तेव्हा मीच वैतागून म्हणाले, "आता तरी न्या हो! स्वतःचा विचार कधी करणार?"

त्यांनी वॉर्डात डोकावलं, दाराशी उभ्या गोपीनाथभाऊंकडे बघितलं. "उद्या येतंय," म्हणाले आणि गेले.

आठवड्याने समितीचे साहेब स्टोअरमध्ये येऊन ओरडले. नमुना अजून इथेच कसा?

नियमाबाहेर एक पाऊल न टाकणारे गोपीनाथभाऊ उठून उभे राहिले.

"पुरवठादार उद्या येतोय, सर."