धाकटी 'जाते' का म्हणाली

काल्पनिक बेटावरच्या काल्पनिक मुलीसाठी पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायका भर रस्त्यात हातवारे करून भांडू शकतात, हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. "ती तुमची कोण लागते?" असं तो विचारतो. क्रिकेटच्या मॅचसाठी ज्याने भिंतीवर रिमोट फोडला, त्याला मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय.

ती आमची कोण लागते ते सांगते. मिठाच्या बेटांची एक कादंबरीमालिका आहे, मराठीतच लिहिलेली, तीन भाग झालेत आणि चौथा येणार येणार म्हणून वाचकांचे केस पांढरे व्हायला लागलेत. समुद्राशी बोलणारी माणसं, धुक्यातून चालणारे पहारेकरी, असं सगळं त्यात आहे. बेटावर एक राजा आहे आणि त्याची सावत्र बहीण आहे. बाप एकच, आया वेगळ्या. बहिणीची आई बाहेरच्या लहान बेटावरची, मासळी सुकवणाऱ्या लोकांतली. आम्ही वाचक या बहिणीला 'धाकटी' म्हणतो. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर ही धाकटी पहाटे किल्ल्याच्या उंबऱ्यावर उभी राहते, "जाते मी, दादा" म्हणते आणि समुद्रावरच्या धुक्यात चालत जाते. पुस्तक संपतं. ती मेली की जिवंत आहे, यावर गेली काही वर्षं आमचं रक्त आटतंय.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. ती मेली. मराठी लेखक आपल्या नायिकेच्या तोंडी उंबऱ्यावर 'जाते' घालतो, तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं. आपल्यात कोणी घरातून निघताना 'जातो' म्हणतं का? 'येतो' म्हणायचं. दूध आणायला जायचं असो नाहीतर दुबईला. 'जातो' म्हणून जो गेला तो गेलाच, अशी भीती लहानपणापासून अंगात मुरलेली असते. लेखकाला हे माहीत नाही असं कसं होईल? ज्यांनी इंग्रजी भाषांतर वाचलं होतं ते ग्रुपवर विचारायचे, की त्या वाक्यात विशेष काय आहे, बाई निघाली एवढंच तर म्हणतेय. त्यांना समजावता समजावता माझा अंगठा दुखायला लागायचा.

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं नेमकं उलटं. धाकटी जिवंत आहे, चौथ्या भागात येणार, आणि 'येते-जाते'वर एवढा डोलारा उभा करणं हा निव्वळ येडेपणा आहे.

ही मैत्रीण म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीसमोरच्या चाळीतली. तिची गॅलरी आमच्या गॅलरीच्या समोर होती, मधे फक्त गल्ली. तिच्या घरात सकाळी बुद्धवंदना, आमच्या घरात गणपतीची आरती. दोघींची गावं रत्नागिरीकडची, एकाच खाडीच्या अलीकडे-पलीकडे, त्यामुळे दोघींच्या आया एकाच हेलात ओरडायच्या आणि एकाच वासाचं कालवण करायच्या. पुढे ती परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये लागली, मी विम्याच्या ऑफिसात. आता ती करी रोडला राहते, मी परळला. ही पुस्तकं पहिल्यांदा तिनेच आणली. पहिला भाग वाचून झाल्यावर तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच, नाहीतर माझ्याशी बोलू नको." मग तिच्या लॅबमधल्या दोघी, माझ्या ऑफिसातली एक, असं करत करत ग्रुप झाला. व्हॉट्सॲपवर तो तिनेच बनवला. दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी सकाळी जमायचं, हेही तिनेच ठरवलं. वाचनालयाच्या लोकांना भेटून, गोड बोलून ती खोली तिने मिळवली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते तिच्याच खोलीत झालं.

'येतो' या शब्दाची तिला पर्वा नव्हती, याला एक कारण होतं आणि ते मला माहीत होतं. तिची आई या बाबतीत माझ्या आईपेक्षा कडक. तिचे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. एकदा घाईत ते 'जातो गो' म्हणून जिना उतरले, तर या बाईने त्यांना खालून परत वर बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी प्यायला दिलं आणि म्हणाली, "आता येतो म्हना नि निघा." भोंगा झाला तरी सोडलं नाही. सगळी गल्ली हसली होती. त्यानंतर ते रोज न चुकता 'येतो' म्हणायचे. आणि आम्ही शाळेत असताना एके दिवशी 'येतो' म्हणून गेले ते गिरणीच्या खात्यातच छातीत दुखून कोसळले. तेव्हापासून माझी मैत्रीण शब्दावर विश्वास ठेवत नाही. "बाबा येतो म्हणाले होते," एवढंच ती एकदा मला म्हणाली. धाकटीच्या बाबतीत ती हे कारण कधीच ग्रुपमध्ये सांगायची नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. ते तिचं होतं.

तर त्या रविवारी पुन्हा तोच विषय निघाला, कारण चौथ्या भागाचं मुखपृष्ठ जाहीर झालं होतं आणि त्यावर धुक्यात एका बाईची आकृती होती. खोलीत नुसता कल्ला. बेटांचे नकाशे काढणारी एक आयटीतली मुलगी आहे, ती लॅपटॉप उघडून त्या आकृतीचा आकार मोजत होती. मी माझी 'जाते'ची तबकडी लावली. माझ्या बाजूने, दर वेळेसारखे, सर उभे राहिले.

सर म्हणजे दादरचेच एक निवृत्त प्राध्यापक. ग्रुपमध्ये नंतर आले, पण खोलीतली खिडकीजवळची खुर्ची पहिल्याच दिवशी त्यांची झाली. बोलतात छान, मान्य करते. शब्द कुठून आला, रूढी कशी पडली, असं सांगायला लागले की मुलं फोन बाजूला ठेवतात. सर आपल्या बाजूने आहेत म्हटल्यावर मलाही जरा बळ यायचं, खोटं कशाला बोलू?

मैत्रीण म्हणाली, "शब्दाने कोणी मरत नाही हो सर. नि शब्दाने कोणी परत पण येत नाही. ती निघाली, म्हणून जाते म्हणाली. संपला विषय."

सर हसले. अगदी मायेने हसले. म्हणाले, "तुमच्या दृष्टीने बरोबर आहे. तुमच्याकडे हे येतो-जातो इतकं पाळत नसतील." मग माझ्याकडे वळून, मान हलवून म्हणाले, "आपल्या घरांमध्ये कसं, हे संस्कारातच असतं."

दोनच शब्द. 'तुमच्याकडे' आणि 'आपल्या'. आपल्या भाषेत 'आमच्या' वेगळं आणि 'आपल्या' वेगळं. 'आमच्या' म्हणाले असते तर सर एकटे पडले असते, त्यांचं त्यांच्यापाशी. 'आपल्या' म्हणून त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या घरात नेऊन बसवलं, आणि जिने मला पुस्तक दिलं तिला दाराबाहेर ठेवलं. तेही तिच्याच खोलीत. शिवाय मी जिंकत होते! माझाच मुद्दा होता तो. माझ्या मुद्द्याला असला घाणेरडा हात लावून वर उचललं या माणसाने, या विचाराने माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की कानशिलं तापली.

"सर," मी म्हटलं, "आपल्या म्हणजे कोणाच्या?"

"म्हणजे... सर्वसाधारणपणे."

"सर्वसाधारणपणे कोणाच्या?"

"अहो, मी सांस्कृतिक अंगाने बोलतोय. त्यात व्यक्तिगत काही नाही."

"हिच्या आईने हिच्या बाबांना जिन्यातून परत वर आणलं होतं, एका जातोसाठी! तुमच्या घरात आणलंय का कोणी? हिच्या घरी काय पाळतात, काय नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? कधी गेलात तिच्या घरी? पाणी प्यायलात?" माझा आवाज खालच्या वाचनालयापर्यंत गेला असणार. जाऊ दे गेला तर.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आणि बाकीचे? बाकीच्यांना अचानक चहाच्या कपात काहीतरी दिसायला लागलं. काल्पनिक पहारेकऱ्याच्या तलवारीच्या लांबीवरून तासभर घसा फोडणारी ही मंडळी. कोणत्या पानावर कोणाच्या घोड्याचा रंग बदललाय, हे यांना झोपेत सांगता येतं. त्यातलं एकही माणूस बोललं नाही. नकाशेवाली मुलगी फक्त म्हणाली, "मॅम, आपण टॉपिकवर येऊ या का प्लीज?" अगं बाई, हाच तर टॉपिक आहे!

मैत्रीण उठली. घाई नाही, काही नाही. पुस्तक कापडी पिशवीत ठेवलं, चष्म्याची डबी ठेवली, खुर्ची होती तशी टेबलाला लावली. दारापाशी पोचून ती वळली.

"जाते मी," म्हणाली.

खोलीत कोणाला काही समजलं असं मला वाटत नाही. मला मात्र काटा आला. मीही पिशवी उचलली. मलाही तसंच म्हणायचं होतं, ठणकावून. पण इतक्या वर्षांची सवय, तो शब्द जिभेवर येईना आणि 'येते' तर त्या क्षणी मेले असते तरी म्हटलं नसतं. शेवटी "बसा आता!" एवढंच म्हणून मी जिना उतरले. संताप करायची वेळ आली आणि माझ्याकडे धड शब्द नव्हता, याचाही मला संताप आला.

आम्ही चालत निघालो. दादरचा बाजार मागे पडला, परळ जवळ आलं तरी माझं तोंड बंद नव्हतं. मी सरांना काय काय म्हणायला हवं होतं ते सगळं तिला म्हणून दाखवत होते. ती ऐकत होती. केळ्यांचा भाव विचारून तिने मधेच अर्धा डझन केळीही घेतली. मला तर वाटत होतं, हिने किंचाळावं, रडावं, काहीतरी करावं.

"तुला राग कसा येत नाही?" मी शेवटी ओरडले.

"येतो ना," ती म्हणाली. "पण मला आता एक कळलं. धाकटी मेलेली नाही."

"आत्ता? आत्ता धाकटी?"

"अगं ऐक तर. त्या शेवटच्या पानाच्या आधी काय आहे? जेवणावळ आहे. आपण ती भराभरा वाचून पुढे पळतो, कारण पुढे धुकं नि समुद्र नि काय काय. त्या जेवणात प्रधान काय बोलतो तिला, आठव."

मला आठवलं. प्रधान हसत हसत म्हणतो, बाईसाहेबांच्या आईकडे पानात वाढायची रीत वेगळी असेल. तेवढंच वाक्य. आम्ही इतक्या वेळा वाचलं, इतके वाद घातले, आणि त्या वाक्यावर आमच्यातलं कोणी कधी थांबलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

"नि तिचा भाऊ?" तिने विचारलं.

"भाऊ भात कालवत बसतो," मी म्हटलं.

"हां. म्हणून ती जाते म्हणाली. ती मेलीबिली नाही. चिडलीय ती."

मी रस्त्यातच उभी राहिले. मागून येणारा माणूस "ओ बाई, साइडला" म्हणून खेकसला तेव्हा बाजूला झाले. इतकी वर्षं मी 'जाते'मध्ये मरण ऐकत होते, आणि त्यात नुसता अपमान होता. दोघींपैकी कोण बरोबर, हा प्रश्नच राहिला नव्हता. शब्द माझा बरोबर होता, मुलगी तिची जिवंत होती.

तेवढ्यात दोघींचे फोन वाजले. ग्रुपवर सरांचा मेसेज होता. 'आजच्या चर्चेत अनवधानाने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर दिलगीर आहे.' खाली भराभर जोडलेले हात आणि फुलं. 'सर, तुमचा मोठेपणा!' असंही कोणीतरी लिहिलं. म्हणे 'असतील तर'! त्या 'तर'वर मी पुन्हा पेटले. आता ग्रुप सोडतेच, म्हणून मी बटण शोधायला लागले तर तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"तू कशाला सोडतेस?"

"मग काय करू? त्यांच्यात बसू? तू तर जाते म्हणून आलीस. संपलं ना?"

करी रोडच्या तिच्या बिल्डिंगचं गेट आलं होतं. तिने केळ्यांच्या फणीतली अर्धी केळी मोडून माझ्या पिशवीत टाकली.

"धाकटी चौथ्या भागात परत येते की नाही?" तिने विचारलं.

"तूच म्हणतेस येणार म्हणून. पण भावाने साधं थांब म्हटलं नाही तिला. कशाला येईल?"

"कशाला म्हणजे? बेट काय एकट्या भावाच्या बापाचं आहे?"

"बाप एकच आहे त्यांचा," मी म्हटलं.

"मग!" ती म्हणाली. "पुढच्या महिन्यातल्या रविवारी खोलीची चावी माझ्याकडे आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसणार. जेवणावळीपासून वाचायला लावणार सगळ्यांना, मोठ्याने. सरांना पहिलं."

एवढं बोलून ती गेटच्या आत गेली. लिफ्टपाशी पोचल्यावर थांबली, वळली आणि आमच्या जुन्या गल्लीत समोरच्या गॅलरीतून हाक मारायची तशी तिथूनच ओरडली.

"येते गं!"

"ये," मी म्हटलं.