कवट्या घेऊन एसटीनं फिरणारी रेहाना

रेहाना आज सकाळी गेली. मला अजून रडू आलेलं नाही.

चहा ठेवला होता तिनं. छातीत दुखतंय म्हणाली. तिच्या नवऱ्यानं, सलीमभाईंनी, शेजाऱ्यांची गाडी काढली. दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

हार्ट.
डॉक्टर एवढंच म्हणाले.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रेहाना भोरला आमच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायची, मी भूगोल. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी.

फोन आला तेव्हा मी नसरापूरला घरी होते. निघाले. कापूरहोळपर्यंत शेअर रिक्षा, पुढं भोरला तिच्या घरी एसटीनं. रिक्षातल्या बाईंनी कुठं उतरायचं विचारलं, तेही त्यांना दोनदा विचारावं लागलं.

तिच्या अम्मींनी माझा हात धरून मला आत नेलं. चेहरा दाखवला. मी बघितला.

जनाजा निघाला. पुरुष गेले, आम्ही बायका घरात बसलो. कुणीतरी हातात पाण्याचा ग्लास दिला. तो बराच वेळ माझ्या हातातच होता.

काय लिहू?
कवट्यांचं लिहिते. तेच लिहिता येतंय.

आदिमानवांच्या कवट्यांच्या प्रतिकृती होत्या तिच्याकडं. रेझिनच्या, पण रंग असा की खऱ्याच वाटाव्यात. पुण्याहून स्वतः आणलेल्या. जुन्या साडीत गुंडाळून, पिशवीत भरून ती शनिवारी वेल्ह्याकडच्या शाळांमध्ये जायची. बऱ्याचदा मीही सोबत.

एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, पिशवीत काय?"

"माणसं आहेत."

"मग त्यांचं बी तिकीट काढा की."

अख्खी गाडी हसली. ती सगळ्यात जास्त.

वर्गात गेली की कवट्या ओळीनं मांडायची आणि म्हणायची, "नावं नंतर. आधी हात फिरवा."

मुलं हात फिरवायची. भुवईवरचं जाड हाड. मागं उतरत गेलेलं कपाळ. मग ती प्रत्येकाला स्वतःची हनुवटी चाचपायला लावायची. "आता ह्या सगळ्यांची शोधा." कुणालाच सापडायची नाही. "अशी पुढं आलेली हनुवटी फक्त आपल्याला आहे, कळलं काय?"

एका पोरानं नीअँडर्थलची कवटी उचलून विचारलं होतं, "ह्याचं डोकं आपल्याएवढंच हाय की! मग ह्यो संपला कसा?"

"नक्की कुणालाच माहीत नाही रे. तू शोध."

तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात मात्र गडबड झाली.

आम्ही जाऊन आल्यावर तिथली एक मुलगी, सोनाली, तापानं फणफणली. गावात उठलं की मास्तरणीनं मढ्याची डोकी शाळेत आणली, पोरीनं हात लावला, म्हणून झालं. तिथल्या सरांनी फोन करून सांगितलं, इतक्यात येऊ नका, लोक चिडलेत.

रेहानानं फोन ठेवला आणि पर्स उचलली.

"अगं, नको म्हणालेत ना ते?"

"शाळेत नको म्हणालेत. मी पोरीला बघायला चाललेय."

गेलो. सोनालीचे वडील, बाळूभाऊ, दारातच आडवे आले.

"तुमी हितं पाय ठेवायचा न्हाई."

"बरं. मी बाहेरच थांबते. ताप किती दिवस आहे?"

मग आतून सोनालीची आई म्हणाली, "मॅडम, पोरीच्या पोटात पाणी बी ठरत न्हाई वो."

रेहाना बाहेर थांबली नाही. त्यांच्या बाजूनं सरळ आत गेली. पोरीच्या डोक्याला हात लावला आणि बाहेर बघून एवढंच म्हणाली, "भाऊ, मला नंतर शिव्या द्या. आत्ता टेम्पो बघा."

बाळूभाऊंनी टेम्पो बघितला.

डेंग्यू निघाला. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. पोरगी सलाईनवर होती तोवर रेहाना दवाखान्यात रोज चक्कर मारायची. कवट्यांचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

तो बाळूभाऊंनीच काढला. सोनाली बरी झाल्यावर स्वतः कॉलेजात आले. लॅबच्या दारात चपला काढल्या.

"दावा बरं ती डोकी."

रेहानानं दाखवली. एक कवटी त्यांनी हातात घेऊन बराच वेळ बघितली. "ह्याला दातच न्हाईत."

"म्हातारा होता, भाऊ. लाखो वर्षांपूर्वीचा. दात पडल्यावरही बरीच वर्षं जगला. दातांच्या जागी हाड भरून आलंय, बघा."

"मग खात काय व्हता?"

"कुणीतरी मऊ करून देत असेल, असा अंदाज आहे. खात्रीनं नाही सांगता येत."

बाळूभाऊ म्हणाले, "देतच आसंल. आमच्या म्हातारीला भाकर कुस्करून दुधात द्यावी लागती. न्हाईतर जगंल का ती?"

ते गेल्यावर रेहाना मला म्हणाली, "चल, चहा पिऊ." डोळे भरले होते तिचे. तिला कॉलेजात रडताना मी तेव्हा एकदाच बघितलं.

पुढच्या शनिवारी त्या गावच्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो. वर्गात मुलं पुढं, मागं भिंतीला टेकून आयाबाया. सोनालीनं कवट्या मांडल्या.

आज संध्याकाळी तिच्या घरून निघताना प्रिन्सिपल सरांचा फोन आला. उद्या कॉलेज बंद. परवा तिचं अकरावीचं प्रॅक्टिकल आहे, रद्द करू या का, म्हणाले. मी म्हटलं, नको, मी घेते.

मला बायोलॉजी येत नाही. तोंडातून गेलं.

सलीमभाईंनी तिच्या पर्समधून लॅबची किल्ली काढून दिली. ती समोर टेबलावर आहे. घरी आल्यावर मी भात लावला, जेवले, भांडी घासली. सगळं जमलं.

रेहाना, पुरुष मंडळी तुला पोचवून आली गं.
मला अजून जमलेलं नाही.

अल्लाह तुला जन्नत देवो.
जा बाई. सावकाश जा.