माईंचं शून्य

आमच्या ताईचे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. किराणावाल्यांचे, सोनारांचे, रद्दीवाल्यांचे. शहरातला जो काटा खोटं बोलायला लागतो तो भाऊजींच्या दुकानात येतो, आणि सुधारून परत जातो. दिवसभर असं काम केल्यावर माणसाने संध्याकाळी घरी येऊन स्वस्थ बसावं. भाऊजी घरी येऊन वीज मोजतात.

त्यासाठी हाताच्या पंजाएवढा एक मीटर मिळतो. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा, त्याच्यात मिक्सर किंवा इस्त्री खोचायची, की ते यंत्र किती वीज खातं ते आकड्यात दिसतं. एक मीटर होता तोवर तो छंद होता. पुढे त्यांचे पाच झाले आणि जिन्याखालच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर येऊन बसला. पाचही मीटर आपापले आकडे त्याला कळवायला लागले, आणि तो अहोरात्र घरघरत त्यांचे आलेख काढायला लागला. तेव्हापासून सगळी गल्ली भाऊजींना युनिटराव म्हणते. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई एकदा सहज बोलून गेल्या, की आमचा फ्रिज हल्ली कण्हतो. युनिटराव जेवण अर्धवट टाकून मीटर घेऊन धावले. वैद्य धावला नसता इतके. बंद टीव्हीसुद्धा गुपचूप वीज खातो हे कळलं तेव्हा तर घरच्याच माणसाने दगा दिल्यासारखे ते दोन दिवस टीव्हीशी बोलले नाहीत.

"यांनी लग्नात माझ्याकडे बघितलं की हॉलमधल्या दिव्यांकडे, ते मला अजून कळलेलं नाही," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. भाऊजी प्रामाणिक. ते म्हणतात, "दिव्यांकडे. तुझ्याकडे नंतर."

घरात तिसरं माणूस म्हणजे माई, भाऊजींच्या आई. माईंनी उभं आयुष्य एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं. शेकडो पोरांना वाढलं, आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी, उभ्याउभ्या, पातेल्याच्या तळाशी राहिलेलं खाल्लं. शाळा सुटली तरी सवय सुटली नाही. आजही ताटात शेवटची पोळी उरली की माईंचं पोट आपोआप भरतं.

त्या हिवाळ्यात माईंचे गुडघे धरले. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितले आणि भाऊजींना सांगितलं, "ह्यांना ऊब हवी. गुडघे असे गार राहिले तर दोन महिन्यांत चालणं बंद होईल, आणि ह्या वयात बंद झालेलं पुन्हा सुरू होत नाही." भाऊजी त्याच संध्याकाळी हीटर घेऊन आले. चांगला, मोठा, लाल डोळे वटारणारा. माझ्या घरी रंगकाम चाललेलं असल्यामुळे मी तेव्हा ताईकडेच मुक्कामाला होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

हीटर आला म्हणजे मीटर आलाच. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला निकाल जाहीर झाला. भाऊजींचा चेहरा एखादा दुर्मीळ प्राणी बघून आल्यासारखा उजळला होता.

"काय खातो तो," ते म्हणाले. "एका तासात जेवढं खातो ना, तेवढ्यात आपला फ्रिज दोन दिवस जेवतो."

"बरं, तुम्ही जेवा," ताई म्हणाली.

तक्रार नव्हती हो ती. निव्वळ कौतुक होतं. पण माईंचा घास हातातच राहिला होता, आणि ते कोणाच्याही लक्षात आलं नाही. भाऊजी टेबलावर बोटाने आलेख काढत होते, ताई वाढत होती, आणि मी वाढून घेत होतो.

त्यानंतर माईंच्या खोलीतल्या मीटरने शून्य दाखवायला सुरुवात केली.

इथे काटेवाल्याची पद्धत समजून घ्यायला हवी. आकडा विचित्र आला तर काटेवाला मालावर संशय घेत नाही, आधी काट्यावर घेतो. ठाऊक असलेलं वजन पारड्यात टाकून बघतो. भाऊजींनी ठाऊक असलेला बल्ब मीटरला लावून बघितला. मीटर बरोबर. तरी त्यांनी मीटर बदलला. शून्य. सॉकेट बदललं. शून्य. रविवारी सकाळी त्यांनी हीटरच उलटा करून खोलला आणि मला टॉर्च धरायला बसवलं. माई पलंगावर बसून ही शस्त्रक्रिया बघत होत्या. अंगात दोन स्वेटर, वर शाल, पायांत भाऊजींचे लोकरी मोजे.

"माई, हीटर लावतेस ना?"

"लावते की."

"गरम होतो?"

"चांगला होतो."

"मग मीटर शून्य का म्हणतो?"

"त्याला विचार. तुझा आहे तो."

भाऊजी पुन्हा स्क्रू काढायला लागले. आई खोटं बोलत असेल ही शक्यता त्यांच्या हत्यारांच्या पेटीतच नव्हती. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. कप देताना तिचा हात माईंच्या बोटांना लागला, आणि ती तशीच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा मीटर बरोबर आहे. सोडा ते, आणि इकडे येऊन हात लावून बघा."

भाऊजींनी आईचा हात हातात घेतला. नळाच्या लोखंडी पाइपसारखा गार. मी टॉर्च बंद केला.

"कधीपासून?"

"मला नाही वाजत थंडी."

"माई."

"अरे, तो फ्रिज सगळ्या घराला पुरवतो. त्याचं दोन दिवसांचं जेवण मी एकटीने तासाभरात खायचं? घशाखाली उतरायचं नाही मला."

"मी असं कधी म्हणालो?"

"नाही म्हणालास. तू आकडा म्हणालास."

हीटरचं पोट उघडं टाकून भाऊजी बाहेर गेले, आणि दुपारी एक विजेवर तापणारं पांघरूण घेऊन आले. ते गुडघ्यांवर टाकायचं. सगळी खोली तापवण्याऐवजी माणूस तेवढं तापतं. ते हीटरच्या मानाने चिमणीएवढं खातं, हे त्यांनी आधी मोजलं आणि मग माईंना सांगितलं.

"पण खातं ना?" माई म्हणाल्या.

"अगदी थोडं."

"काल हे नव्हतं. आज आहे. म्हणजे जास्तच झालं. ठेव घडी करून, पाहुण्यांना होईल."

पाहुणा मीच होतो. मी भाऊजींना बाजूला घेऊन व्यवहारी सल्ला दिला, की सांगून टाका शून्य खातं म्हणून, म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं अंगठ्याने पारडं दाबणाऱ्या दुकानदाराकडे बघतात. मी मुकाट्याने चहा संपवला.

पांघरूण घडी करून राहिलं. माई सकाळी भिंतीला धरून टेबलापर्यंत यायच्या, त्या आता मध्ये खुर्चीवर बसून दम घ्यायला लागल्या. मग एके दिवशी आल्याच नाहीत. "आज भूक नाही, इथेच दे कपभर," असा खोलीतून आवाज आला. भाऊजींनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. हातातला पाव तसाच बशीत ठेवला.

"मी काय करू, सांग," ते ताईला म्हणाले. आवाजात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. "खोटं मला बोलता येत नाही. बोललो तरी तिला कळतं. आणि खरं सांगितलं की ती पांघरूण घेत नाही."

ताई काही वेळ भांडी आवरत राहिली. जिन्याखालच्या खोलीतून कॉम्प्युटरची घरघर येत होती.

"तुम्ही सगळ्या गल्लीतल्यांचं मोजलंत," ती पाठमोरीच म्हणाली. "मिक्सरचं, टीव्हीचं, माझ्या केस वाळवायच्या यंत्राचं. मोजणाऱ्याचं मोजलंत का कधी?"

भाऊजींनी मान वर केली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एखाद्या हवालदाराला आपल्याच घराची झडती घ्यायचा हुकूम मिळावा तसे ते उठले, शेवटचा मोकळा मीटर शोधला, आणि कॉम्प्युटर त्याच्यात खोचून दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आकडा बघितला. दोनदा बघितला. मीटर बदलून तिसऱ्यांदा बघायचा मोह त्यांनी कसा आवरला ते त्यांचं त्यांना माहीत. मग पांघरूण काखेत मारून ते माईंच्या खोलीत गेले. आम्ही दोघं दारात उभे.

"माई, घरातलं सगळ्यात खादाड कोण, ते सापडलं."

"तो हीटर ना?"

"हीटर पेटीत गेला. मी आहे. जिन्याखाली रात्रंदिवस मोजत बसलेलं माझं यंत्र. हे पांघरूण तू संध्याकाळपासून झोपेपर्यंत वापरलंस, तर ते जे खाईल त्याच्या कितीतरी पट मी एका दिवसात खातो. आणि ते कशासाठी, तर कोण किती खातं हे बघायला."

माई हसायला लागल्या. आधी नुसतेच खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळ्यांत पाणी.

"लहानपणी पण असाच होता," त्या ताईला म्हणाल्या. "पोरांच्या पोळ्या मोजायला बसायचा, आणि मोजता मोजता दोन खायचा."

"मी तो बंद केलाय," भाऊजी म्हणाले.

हसू थांबलं. "कॉम्प्युटर? तुझा जीव आहे रे त्यात."

"आता बंदच राहणार. त्याच्यातलं थोडं तू घे. उरेल तरी पुष्कळ. खोटं वाटत असेल तर हा मीटर तुझ्या उशाशी ठेवतो. तूच वाच."

माईंनी चष्मा लावला. मीटर हातात घेऊन उलटासुलटा केला. मग त्यांनी शालीखालून पाय पुढे केले, आणि भाऊजींनी पांघरूण गुडघ्यांवर टाकून कडा खोचल्या. वायर कुठे लावायची ते माईंनीच दाखवलं. घडी करून ठेवलेल्या पांघरुणाची वायर त्यांना कशी ठाऊक, हे विचारायचं आम्ही टाळलं.

मी आणखी महिनाभर तिथे होतो. रंगारी आमचा निवांत माणूस. पहिले काही दिवस माई अर्ध्या तासाने पांघरूण बंद करायच्या आणि मीटरकडे बघायच्या. मग तासाने. मग बघायचं विसरायला लागल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी टेबलाशी चहा पीत होतो, तर माई खोलीतून स्वतःच्या पायांनी आल्या. सावकाश, भिंतीवर एक हात ठेवून, पण मध्ये न बसता. भाऊजी नुकतेच दुकानातून आले होते, पायातले बूट काढत होते.

"आज जास्त झालं हं," माई खुर्चीत बसत म्हणाल्या. "दुपारीच लावलं होतं, आणि डोळा लागला. वाचून ठेवलाय आकडा. सांगू?"

भाऊजींनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"असू दे गं," ते म्हणाले. "चहा घेतलास का?"